पोटात बाळ असताना समुद्रावर: पुण्याहून निघण्याआधी काय काय ठरवायचं

आम्ही आधी अंदमान ठरवलं होतं. सात दिवस, तीन बेटं, जाता-येता चार विमानं आणि मधल्या बोटी वेगळ्याच. मला सोळावा आठवडा चालू होता, उलट्या थांबल्या होत्या, अंगात पुन्हा जीव आला होता. मोठ्या उत्साहाने मी ती यादी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी एकच विचारलं, "रात्री अकराला रक्तस्राव सुरू झाला, तर यातल्या कुठल्या बेटावरून किती वेळात तुम्ही सोनोग्राफीपर्यंत पोचाल?" आम्ही दोघंही गप्प झालो. तो विचार आमच्या मनातच आला नव्हता.

शेवटी डिसेंबरात, बावीस आठवडे पूर्ण झाल्यावर आम्ही दक्षिण गोव्यात बाणावलीला सहा रात्री राहून आलो. रोज चालले, रोज पोहले, रोज दुपारी झोपले. परत आले तेव्हा थकवा नव्हता. त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार जणींनी "कसं ठरवलंस?" असं विचारलं, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे. माझा क्रम असा आहे: आधी आठवडे, मग हॉस्पिटल, मग समुद्र. आपण बहुतेक वेळा फोटो बघून उलटीकडून सुरुवात करतो.

१. तिकिटाआधी डॉक्टर

"फिरायला जाऊ का?" असं मोघम विचारू नका. तारखा, ठिकाण, प्रवासाचे तास आणि तिथे काय काय करायचं आहे ते कागदावर लिहून न्या. चालणं, पोहणं, योगासनं, बोट यातल्या प्रत्येक गोष्टीवर हो-नाही घ्या. मोघम प्रश्नाला "जा, पण जपून" असं मोघमच उत्तर मिळतं आणि ते तिथे गेल्यावर कामाला येत नाही.

वार (प्लॅसेंटा) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, मधे रक्तस्राव झाला असेल, आधीचं बाळ वेळेआधी झालं असेल, रक्तदाब वाढत असेल किंवा जुळं असेल, तर डॉक्टर नाही म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तसं झालं तर कृपा करून दुसऱ्या कुणाकडून "हो" मिळवायला जाऊ नका. हिमोग्लोबिनही बघून घ्या. विमानातली हवा साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ असते. निरोगी गरोदर बाईला त्याचा त्रास होत नाही, पण रक्त फारच कमी असेल तर होऊ शकतो.

घरातल्या ज्या माणसाला सर्वांत जास्त काळजी वाटते, त्याला या तपासणीला सोबत न्या. माझ्या सासूबाई "इतक्या लांब नको गं जाऊस" म्हणत होत्या. मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी स्वतः चार प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि निघायच्या दिवशी त्यांनीच राजगिऱ्याचे लाडू बांधून दिले.

२. आठवडे मोजा, परतीच्या दिवसापर्यंत

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या आणि थकवा असतो, गर्भपाताची भीतीही त्याच काळात जास्त. शेवटच्या तीन महिन्यांत पोट जड, झोप कमी. त्यामुळे चौदा ते अठ्ठावीस हे आठवडे सोयीचे मानतात. पण त्यातही आपल्या तपासण्या बसवायच्या असतात. बाळाची रचना बघणारी सोनोग्राफी, जिला सगळे ॲनोमली स्कॅन म्हणतात, ती साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. साखरेची तपासणी २४ ते २८ च्या दरम्यान. वार कुठे आहे तेही ॲनोमली स्कॅनमध्ये नीट कळतं. म्हणून स्कॅनचा रिपोर्ट हातात आल्यावर आणि साखरेच्या तपासणीआधी, म्हणजे वीस ते चोवीस आठवड्यांत जाऊन येणं मला सर्वांत पटलं. डोहाळजेवण बहुतेक घरांत सातव्या महिन्यात असतं, त्याच्याशीही गाठ पडत नाही.

इथे एक चूक नेहमी होते. आपण जायच्या दिवशीचे आठवडे मोजतो आणि विमान कंपनी परतीच्या दिवशीचेही बघते. बऱ्याच कंपन्या अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत काही मागत नाहीत, पुढे डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीसच्या पुढे, जुळं असेल तर त्याआधीच, घेत नाहीत. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा आहे, म्हणून आपल्या कंपनीचा नियम तिकीट काढायच्या आधी वाचा. पत्र किती दिवसांच्या आतलं हवं हेही त्यात असतं. महिनाभर आधीचं पत्र चालत नाही.

ऋतूचं सांगायचं तर पश्चिम किनाऱ्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये तिथल्या दमट हवेत गरोदरपणी चालणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, घाटात दरडी. तुमचे वीस ते चोवीस आठवडे नेमके जूनमध्ये येत असतील तर समुद्राचा हट्ट सोडा आणि पुण्याजवळ एखादं शांत, पोहण्याचा तलाव असलेलं ठिकाण बघा.

३. जागा निवडा: आधी हॉस्पिटल शोधा, मग किनारा

माझा नियम: राहत्या जागेपासून एका तासाच्या आत असं हॉस्पिटल हवं, जिथे रात्रीही स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी, रक्त आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. नुसता "जवळ दवाखाना आहे" हा शब्द धरू नका. निघण्याआधी त्या हॉस्पिटलला फोन करून विचारा.

दक्षिण गोवा आम्ही यासाठीच घेतलं. बाणावली, कोलवा हे किनारे मडगावपासून सहा-सात किलोमीटरवर. मडगावात जिल्हा रुग्णालय आहे, खासगी हॉस्पिटलं आहेत, आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजही तासाभराच्या अंतरावर. पाळोळे जास्त सुंदर आहे हे मला मान्य आहे, पण तिथून मडगावच तासभर लांब आहे.

कोकण आपलं, जेवण आपलं, भाषा आपली. अडचण रस्त्याची. ताम्हिणी असो, कुंभार्ली असो की आंबा, घाटातली वळणं भल्याभल्यांना उलटी करायला लावतात. गुहागर घेतलंत तर चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. गणपतीपुळ्याला रत्नागिरी जवळ. तारकर्लीला ओरोसचं जिल्हा रुग्णालय. कोकणात जायचंच असेल तर एका दमात गाडी मारू नका. कोल्हापूर किंवा कराडला एक रात्र थांबा.

केरळमध्ये कुमारकोम चांगलं आहे, कारण कोट्टायमचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे. हाउसबोटीचा मोह होईल. पण या बोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला नांगर टाकतात आणि सकाळपर्यंत हलत नाहीत. पोटात बाळ असताना रात्रभर पाण्यावर अडकून राहण्यापेक्षा दिवसाची चार तासांची फेरी घ्या आणि झोपायला जमिनीवर या.

मालदीव, थायलंड, बाली वगैरेंबद्दल थोडक्यात: तिथे बेटावर जायला बऱ्याचदा स्पीडबोट लागते आणि तिचे धक्के कंबरेला आणि पोटाला सहन होत नाहीत. प्रवासविम्याची पॉलिसी शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळलेला असतो आणि तो उल्लेख शेवटच्या पानांवर असतो.

४. पोचायचं कसं

पुण्याहून गोवा विमानाने तास-सव्वातास, गाडीने नऊ-दहा तास. मी विमान घेतलं. तिकीट काढताना विमानतळ बघा: दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे आहेत. मोपा पेडण्याला, अगदी उत्तरेला आहे. तिथून मडगावकडे यायला दीड-दोन तास जातात. विमानाचे वाचवलेले हजार रुपये टॅक्सीत आणि कंबरदुखीत जातात.

सीट कडेची घ्या, वाटेजवळची. तासातासाला उठा, पावलं गोल फिरवा, पाणी प्या. गरोदरपणात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. चार तासांहून मोठा प्रवास असेल तर कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जबद्दल, म्हणजे पाय आवळून धरणाऱ्या मोज्यांबद्दल, डॉक्टरांना विचारा. लोहगाव विमानतळावर सुरक्षा तपासणीची चौकट निर्धोक आहे. तरी मनाला लागत असेल तर महिला कर्मचाऱ्यांना सांगून हाताने तपासणी मागा.

रेल्वेने जायचं तर गोवा एक्स्प्रेस पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढामार्गे मडगावला जाते. गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवर जा. हे फारच थोड्या जणींना माहीत असतं.

गाडीत पट्टा लावायचाच. कंबरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर आणि आडवा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून कधीच नाही. आमच्या टॅक्सीत मागच्या सीटच्या कव्हराखाली पट्ट्याचं बक्कल दाबून टाकलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मागे कोण लावतं ताई?" आम्ही दहा मिनिटं थांबून ते बाहेर काढून घेतलं, मगच निघालो. टॅक्सी ठरवतानाच फोनवर सांगा की मागचे पट्टे चालू हवेत.

५. खोली ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न

आम्हाला तळमजला कबूल केला होता आणि पोचल्यावर तिसरा मजला दिला, लिफ्ट नाही. दीड तास वाद घालून खोली बदलून मिळाली. तेव्हापासून मी सगळं लेखी मागते. विचारा:

– खोली तळमजल्यावर आहे की लिफ्ट आहे?
– न्हाणीघराची फरशी घसरडी आहे का? कमोड आहे ना?
– खिडक्यांना डासांची जाळी आहे का?
– पोहण्याच्या तलावात उतरायला पायऱ्या आणि कठडा आहे की नुसती शिडी?
– किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि रस्ता सपाट आहे का?
– रात्री गाडी मिळेल का? कुणाची, त्याचा नंबर काय?

सहा रात्री असतील तर सहाही रात्री एकाच खोलीत राहा. रोज सामान बांधायचं आणि रोज नव्या गादीवर झोपायचं, यातच अर्धी ताकद जाते.

६. दिवस कसा आखायचा

हालचाल हवी आणि विश्रांतीही हवी, या दोन्ही गोष्टी उन्हाच्या वेळेवर अवलंबून आहेत. दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठून साडेदहाला चालायला गेले. अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी आली. नारळाखाली बसले, नवऱ्याने पाणी पाजलं, शहाळं आणलं, तेव्हा बरं वाटलं. त्यानंतर वेळापत्रक पक्कं केलं.

सकाळी साडेसहाला उठून मूठभर खजूर-बदाम आणि पाणी. सात ते पावणेआठ चालणं. मऊ, कोरड्या वाळूत पाय रुततो आणि कंबर, ओटीपोट दुखायला लागतं. म्हणून ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. किनारा उतरता असतो, सतत एका दिशेने चाललं तर एका बाजूच्या खुब्यावर भार येतो, तेव्हा जितकं जाल तितकंच परत या. भरतीची वेळ कोकणातली जुनी माणसं तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. सप्तमी असेल तर सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकं तिथल्या कोळ्यांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्यापासून लांबच राहा.

किती दमायचं? चालताना सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. निरोगी गरोदर बाईला आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात. सुट्टीत तो सहज होतो, त्याहून जास्तीचा विक्रम करायला जाऊ नका.

नाश्ता झाल्यावर तासाभराने, साडेनऊच्या सुमाराला पोहणं. याबद्दल मी कितीही सांगू शकते. पाण्यात उतरल्या क्षणी पोटाचं ओझं नाहीसं होतं, कंबर मोकळी होते, सुजलेल्या पायांना आराम पडतो. वीस-पंचवीस मिनिटं सावकाश पोहले, नाहीतर काठ धरून पाण्यात नुसती चालले. पोहता येत नसेल तरी छातीएवढ्या पाण्यात चालणं जमतंच. समुद्रात मात्र गुडघ्यापर्यंतच. लाट पोटावर आदळते, पायाखालची वाळू सरकते, आणि आपला तोल आता पूर्वीसारखा राहिलेला नसतो. लाल झेंडा असेल तर पायही भिजवू नका.

अकरा ते चार सावलीत. जेवण, डाव्या कुशीवर झोप, वाचन. पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये घ्यायला मी घरची जुनी गोधडी नेली होती, हॉटेलच्या जाड उश्यांपेक्षा ती बरी. साडेचारनंतर पंधरा मिनिटं आसनं: मार्जारासन, बद्धकोनासन, खांद्यांच्या हालचाली. पाठीवर उताणं पडून करायची आसनं, पोट दाबणारी आणि श्वास रोखून धरायचे प्रकार नाहीत. मग सूर्यास्ताला पुन्हा अर्धा तास पाय मोकळे करायचे.

मधे एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. आम्ही चौथ्या दिवशी कुठेही गेलो नाही, आणि तोच दिवस मला सर्वांत जास्त आठवतो.

७. कितीही आग्रह झाला तरी नाही

स्कूबा डायव्हिंग नाही. पाण्याखालचा दाब कमी होताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि बाळाला त्यापासून संरक्षण नसतं. तारकर्ली-मालवणला "फक्त दहा फूट" म्हणून गळ घालतील, तरी नाही. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड, स्कूटरवर मागे बसून गावभर फिरणं नाही. गरम पाण्याचा टब, सोना, स्टीम नाही, कारण शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. केरळात मालिशीबरोबर वाफ देतात. मालिश करणारीला सुरुवातीलाच सांगा की तुम्ही गरोदर आहात आणि स्वेदन नको आहे. पंचकर्माचं नाव काढू नका. डॉक्टरांची परवानगी असेल तर कुशीवर झोपून पाय-खांद्यांची हलकी मालिश पुरेशी आहे.

खाडीच्या संथ पाण्यात वल्ह्याच्या होडीतून फेरी मात्र मारा. चढता-उतरताना दोघांचा आधार घ्या, आणि लाइफ जॅकेट पोटावर न आवळता बसतंय ना ते आधी बघा.

८. मासे, पाणी आणि फळं

समुद्रावर गेल्यावर पुणेकर पहिली ऑर्डर सुरमईची देतो. तीच जरा जपून. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि तो बाळाच्या मेंदूला घातक असतो. सुरमई एखादवेळी, मुशी म्हणजे शार्क अजिबात नाही. बांगडा, तारली, मांदेली, पापलेट, कोळंबी हे ताजे आणि पूर्ण शिजवलेले खा. तिसऱ्या, कालवं असे शिंपले कच्चे किंवा अर्धवट वाफवलेले नकोत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्या काळात ताटात येणारा मासा बर्फातला असण्याची शक्यता जास्त.

पाणी सीलबंद बाटलीचं, दात घासायलाही. बर्फ नको. त्यामुळे सोलकढी आणि कोकम सरबत फक्त जिथे उकळलेलं पाणी वापरतात तिथे. शहाळं समोर फोडून घ्या. कापून ठेवलेली फळं घेऊ नका, केळी आणि संत्री आपल्या हाताने सोला.

९. डास: हा मुद्दा वगळून पुढे जाऊ नका

झिका हा आजार गरोदरपणात झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हा लांबच्या देशांतला प्रश्न नाही. २०२१ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, त्याच महिन्यात केरळात साथ होती, आणि २०२४ मध्ये पुणे शहरात जे रुग्ण सापडले त्यांत गरोदर बायकाही होत्या. हा डास दिवसा चावतो, डेंग्यूही तोच पसरवतो. म्हणून फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ फिरताना पूर्ण बाह्यांचे सुती, फिक्या रंगाचे कपडे घाला. डीट किंवा पिकारिडिन असलेलं, डासांना लांब ठेवणारं मलम डॉक्टरांना विचारून घ्या. आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर हे मलम. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, तेव्हा नवऱ्यानेही डासांपासून तितकंच जपायचं.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग लवकर उमटतो आणि ऊन त्याला वाढवतं. रुंद काठाची टोपी हवीच.

१०. फाइल आणि पिशवी

हातातल्या पिशवीत, सामानात नाही:

– तपासणीची पूर्ण फाइल आणि तिचे फोनमध्ये फोटो, नवऱ्याच्या फोनमध्येही
– ॲनोमली स्कॅनचा रिपोर्ट, शेवटचं हिमोग्लोबिन
– रक्तगट. तुम्ही निगेटिव्ह असाल तर हे ठळक अक्षरात लिहा, कारण रक्तस्राव झाल्यास अँटी-डी इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं
– डॉक्टरांचं पत्र: लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि प्रवासाला हरकत नसल्याचा उल्लेख
– आधार कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड
– रोजच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दोन दिवस जास्तीच्या
– उलटीची गोळी, तापाची गोळी, ओआरएस, थर्मामीटर. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या किंवा जुलाब थांबवणारं औषध मनाने घेऊ नका
– आल्याच्या वड्या, चणे-फुटाणे, लाडू

पायात मागे पट्टा असलेले, रबरी तळव्याचे सँडल, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. संध्याकाळी पाय सुजतात.

११. कधी थांबायचं नाही

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, ठरावीक वेळाने पोट घट्ट होत राहणं, ताप, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्यावर अचानक सूज, एका पायात दुखून सूज येणं, धाप लागणं, बाळ हलायला लागल्यावर त्याची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर "सकाळी बघू" म्हणू नका. महाराष्ट्र, गोवा आणि केरळ तिन्हीकडे १०८ वर रुग्णवाहिका मिळते. आधी निघा, वाटेत आपल्या डॉक्टरांना फोन करा. हॉस्पिटलचा पत्ता मी नकाशात साठवून ठेवला होता आणि पहिल्याच संध्याकाळी तिथपर्यंतचा रस्ता गाडीने बघून आलो होतो. वीस मिनिटं लागली. त्या रात्रीपासून मला शांत झोप लागली.

१२. परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी ऑफिस ठेवू नका, एक दिवस घरी काढा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना लगेच सांगा, आणि कुठे जाऊन आलात तेही सांगा. साखरेच्या तपासणीची तारीख निघण्याआधीच ठरवून ठेवा.